बफरिंग चालू असताना

इथे भुताखेतांचे अनुभव लिहिणारे बहुतेक जण सुरुवातीलाच सांगतात की आमचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझा अजूनही नाही. आमच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले, आणि आई म्हणायची की घरातली भुतंही त्याच टोपलीतून गेली. आमच्याकडे नवस नाही, अंगारा नाही, अमावस्येला प्रवास टाळणं नाही. त्यात माझी नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत, क्वालिटी कंट्रोलला. बावीस वर्षं रंगाचे डबे उघडून रीडिंग घेतेय. रीडिंग जुळलं नाही तर पुन्हा घ्यायचं. तरीही जुळलं नाही तर ‘जुळलं नाही’ असं लिहायचं, मनाने आकडा टाकायचा नाही. हा अनुभव त्याच पद्धतीने लिहितेय.

२००८ सालचा एप्रिल. जयंतीच्या आधीचा शनिवार. आम्ही तेव्हाही आणि आताही उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये राहतो, दुसरा मजला, मजल्यावर दोनच फ्लॅट. समोर मीरचंदानी अंकल-आंटी. मुलगा तेव्हा पुण्याला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर होता आणि त्याचा जुना कॉम्प्युटर आमच्याकडे, हॉलच्या कोपऱ्यात, बेडरूमच्या दाराला लागून. त्याला दोन छोटे स्पीकर. माइक नाही, कॅमेरा नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे सगळे तेच विचारतात.

मी रात्री कॉम्प्युटरवर का बसले होते? दोन कारणं. पहिलं म्हणजे आमच्या फोन लाइनवरच्या इंटरनेटचा प्लॅन. दिवसा मोजून वापरायचं आणि रात्री दोन ते सकाळी आठ फुकट. ज्यांनी तो प्लॅन वापरलाय त्यांना आठवत असेल, रात्री दोनला अख्ख्या बिल्डिंगीतले दिवे लागायचे. दुसरं कारण — मला झोप येत नव्हती. माझ्या मिस्टरांचा डावा जबडा दोन दिवस दुखत होता.

ते अंबरनाथलाच एका वर्कशॉपमध्ये फोरमन. कधी आजारी नाहीत, आणि असले तरी कबूल करणार नाहीत. दाढ दुखतेय म्हणून लवंग धरून बसले होते. मला ती दाढ वाटत नव्हती, कारण दुखणं जिना चढल्यावर वाढायचं. दाढेला जिन्याचं काय? आणि माझ्या सासऱ्यांना जाऊन किती वर्षं झाली तरी एक गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे. ते बावन्नाव्या वर्षी झोपेत गेले. रात्री जेवून झोपले, सकाळी उठलेच नाहीत. आणि ह्यांना त्या फेब्रुवारीत बावन्नावं लागलं होतं.

संध्याकाळीच विषय काढला होता.

“जयंती झाली की मंगळवारी दाढेचा डॉक्टर बघू. पण उद्या सकाळी आधी ईसीजी काढून येऊ.”

“दाढ दुखतेय आणि ईसीजी? उद्या गुडघा दुखला तर डोळे तपासायला नेशील.”

“तुमच्या बाबांचं वय काय होतं?”

“शोभा, मला झोपू दे. आणि मी बाबा नाही. बाबा बिडी ओढायचे.”

विषय संपला. ते दहाला झोपले. मी साडेबारापर्यंत कुशी बदलल्या, उठून दोनदा त्यांच्या नाकासमोर हात धरून बघितला, शेवटी कंटाळून बाहेर आले आणि दोन वाजायची वाट बघत बसले.

आता पोकरचं सांगते. मुलाने दिवाळीच्या सुट्टीत शिकवला होता. पैशांचा नाही, फुकट चिप्सचा. जगभरातली माणसं एका टेबलावर बसतात, प्रत्येकाला दोन पानं, आणि टेबलाच्या मधोमध पाच पानं सगळ्यांत मिळून. पत्त्यांचा हात माझा वाईट नाही. लग्न होऊन इथे आले त्या पहिल्याच दिवाळीत मीरचंदानी आंटींनी मला तीन पत्ती शिकवली. त्यांच्याकडे दिवाळीत पत्ते नाही खेळलं तर अपशकुन, आणि आमच्याकडे खेळलं तर बदनामी! आंटींनी पहिल्या दिवशी सांगितलेलं अजून डोक्यात आहे. “शोभा, कलर क्या है, रंग है, किसी को भी लग जाए. सिक्वेन्स में पत्तों को लाइन में खड़ा रहना पड़ता है. इसलिए सिक्वेन्स बड़ा.”

आणि इथेच गोची. पोकरमध्ये उलटं आहे. पोकरमध्ये कलर, म्हणजे सगळी पानं एकाच रंगाची, तो मोठा; सिक्वेन्स, म्हणजे ओळीने आकडे, तो लहान. मला हे माहीत होतं. मुलाने कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलंही होतं. पण वीस वर्षांची सवय... पानं लाइनीत उभी राहिलेली दिसली की हात आपोआप सगळे चिप्स पुढे सरकवतो.

त्या रात्री मी सव्वादोनपासून हरत होते. साधंसुधं नाही. दोन राजे असताना समोरच्याकडे दोन एक्के. तीन दश्श्या असताना शेवटच्या पानावर समोरच्याचा फुल हाउस. तीन महिन्यांत जमवलेले चिप्स भराभर चालले होते. चिप्स खोटे, पण राग खरा.

त्यात तो इंटरनेट रेडिओ. जुन्या हिंदी गाण्यांचं एक स्टेशन होतं, परदेशातला कुणी हौशी माणूस चालवायचा. मन शांत राहावं म्हणून लावलं, आणि त्याने होती नव्हती ती शांतीही घालवली. मुखडा व्हायचा, गाणं अंतऱ्यावर यायचं, की अडकलंच. खिडकीत ‘बफरिंग’ अशी अक्षरं. बारा टक्के, एकोणतीस टक्के, नव्याण्णव टक्के, आणि परत शून्य! मग गाणं थांबलं तिथून नाहीच, भलतंच पुढचं काहीतरी लागायचं. नाहीतर तिकडच्या एका किराणा दुकानाची जाहिरात: ताजा कढीपत्ता मिळेल. उल्हासनगरला माझ्या खिडकीत कढीपत्त्याचं झाड आहे. मला काय करायचंय? फर्माइशीच्या चौकटीत मी तीन वेळा एकाच गाण्याची फर्माइश टाइप केली. तिन्ही वेळा बासरीवर वाजवलेली धून लागली, तीही वेगवेगळी.

अशीच एकदा बफरिंगमध्ये शांतता असताना स्पीकरमधून खोकल्याचा आवाज आला. तीनदा कोरडा खोकला, मग घसा साफ केल्यासारखा. मला वाटलं हेच खोकले. उठून बेडरूममध्ये डोकावले. ते भिंतीकडे तोंड करून गाढ झोपले होते, तोंड मिटलेलं. परत येऊन बसले. पाच-सहा डाव झाले असतील, दोन-तीन गाणी झाली असतील, आणि बेडरूममधून खोकला आला. तीनदा. मग घसा साफ केला. मी मनात म्हटलं, योगायोग. खोकल्यासारखा खोकला असायचाच.

पुढचं बफरिंग. परत शांतता. आणि स्पीकरमधून एक बाई बोलली. आवाज लांबून आल्यासारखा, जरा चिरका, पण शब्द स्पष्ट.

“कलर कधीपासून मोठा झाला रे, मुडद्या?”

बस, एवढंच. मग कढीपत्ता.

मी घाबरले असं अजिबात समजू नका. मी वैतागले. आमच्या फोनच्या लाइनीत क्रॉस कनेक्शन ही नेहमीची गोष्ट होती. एकदा मी बहिणीशी बोलताना मधेच दोन सिंधी व्यापारी साडीच्या फॉलचे भाव सांगायला लागले होते. मला वाटलं आजूबाजूच्या बिल्डिंगीत अजून कुणी मराठी बाई फुकटच्या नेटवर पत्ते खेळतेय आणि तिचा फोन आमच्या लाइनीत घुसलाय. मला जरा बरंही वाटलं, आपल्यासारखी अजून एक आहे! मंगळवारी टेलिफोन ऑफिसात तक्रार करायची म्हणून मी कीबोर्डजवळच्या पॅडवर लिहिलं: ‘२.३१ क्रॉस कनेक्शन. तक्रार.’ वेळ लिहायची माझी कामावरची सवय. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

त्यानंतर रेडिओ बराच वेळ न अडकता चालला. मी खेळत राहिले. मग एक डाव आला. माझ्या हातात सत्ती-अठ्ठी. टेबलावर पंजी, छक्की, नव्वी. पाच-सहा-सात-आठ-नऊ! शाळेतली मुलं प्रार्थनेला उभी राहतात तशी लाइनीत. टेबलावर तीन बदाम आहेत हे मला दिसत होतं. दिसत होतं, पण हात ऐकेना. उरलेले सगळे चिप्स पुढे. समोरच्याने पानं उघडली. दोन बदाम. कलर. माझं खातं शून्य.

आणि मी मोठ्याने म्हणाले,

“कलर कधीपासून मोठा झाला रे, मुडद्या?”

वाक्य संपता संपता मी स्पीकरकडे बघितलं. तोच चिरका आवाज. आपला आवाज बाहेरून ऐकला की परका वाटतो हे मला माहीत आहे. मुलाच्या बारशाची कॅसेट ऐकताना मी विचारलं होतं, ही कोण बाई मधे मधे बोलतेय? म्हणूनच मघाशी ओळखला नव्हता. घड्याळ बघितलं. दोन त्रेचाळीस.

पॅडवर दोन एकतीस. मधे बारा मिनिटं.

मी स्वतःला म्हटलं, शोभा, तू थकलीयस. कॉम्प्युटर बंद कर आणि झोप. हात माउसकडे गेलाही. तेवढ्यात रेडिओ अडकला. बफरिंग, सात टक्के.

स्पीकरमधून आमच्या घराचा आवाज येत होता.

याहून वेगळं कसं सांगू कळत नाही. आमच्या बेडरूमचा पंखा फिरताना दर फेरीला एक बारीक टक् असा आवाज करायचा. तो येत होता. दुसऱ्या कुणाच्या घरचा पंखा मी ओळखला नसता, हा ओळखला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, माझ्या पावलांचा. मग हे बोलले. आवाज जड, झोपेतल्यासारखा. “पंखा बंद कर... थंडी वाजतेय.” एप्रिल महिन्यात, उल्हासनगरला. मग मी: “अहो... अहो, इकडे बघा. अहो!” तिसऱ्या ‘अहो’मधला माझा आवाज मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. तसा मला काढता येत असेल असंही वाटलं नव्हतं. मग दार उघडल्याचा आवाज. मग चिमण्यांची किलबिल — ती मीरचंदानींची बेल, दाबली की चिमण्या ओरडतात. एकदा. दोनदा. पाच-सहा वेळा. कुणी दार उघडलं नाही. मग परत पंख्याची टक्, टक्. आणि दुसरं काहीच नाही. खोकला नाही, बोलणं नाही. फक्त टक्.

अकरा टक्के. गाणं सुरू झालं. मी स्पीकरची पिन ओढून काढली.

यापुढे मी काय केलं ते विचाराल तर... मी विचार केला नाही, हिशेब केला. खोकला आधी आला, मग खोकले. वाक्य आधी आलं, मग मी बोलले. दोन रीडिंग जुळली. कामावर बिघाडाची दोन रीडिंग जुळली की आम्ही अख्खा लॉट थांबवतो, तिसऱ्याची वाट बघत नाही. चुकलं तर फार तर काय, माझं हसं होईल. आणि बरोबर असेल तर माझ्याकडे दहा-अकरा मिनिटं होती.

बेडरूममध्ये गेले. ते शांत झोपले होते. कपाळ कोरडं, नाडी नीट. आता उठवून ‘चला, ईसीजी काढायला’ म्हटलं असतं तर उत्तर मला माहीत होतं. मी पलंगावर बसले आणि त्यांचा खांदा हलवला.

“अहो, उठा. माझ्या छातीत दुखतंय.”

एका सेकंदात उठले. हा माणूस स्वतःसाठी उठला नसता.

“कुठे? कसं दुखतंय? गॅस असेल... नाही नाही, चल. तू हलू नको. शर्ट कुठाय माझा?”

“खुंटीला. सावकाश. मला घाई जमत नाही.”

“मी अंकलना उठवतो, त्यांची गाडी काढू.”

“नाही! बेल वाजवू नका. ते उठणार नाहीत.”

“अगं, वेडी झालीस का? समोर गाडी असताना...”

“रिक्षा. चौकातून. नाहीतर मी इथेच बसते.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की छातीबरोबर डोकंही गेलं की काय. पण भांडायला वेळ नव्हता. कपाटातले पैसे मी ब्लाउजमध्ये कोंबले, चावी घेतली. जिना मी मुद्दाम एकेक पायरी थांबत उतरले, म्हणजे त्यांनाही सावकाश उतरावं लागलं. वर ते मला दंडाला धरून आधार देत होते! “दम लागला का? थांबायचं का?” मी ‘हो’ म्हणायची. थांबायची. त्यांचा चेहरा बघायची. जिन्यातल्या पिवळ्या दिव्यात काही कळत नव्हतं.

चौकात एक रिक्षा, ड्रायव्हर मागच्या सीटवर पाय दुमडून झोपलेला. ह्यांनी हाका मारल्या.

“कुठे?”

“नर्सिंग होम, कॅम्प चारच्या रस्त्याला. मॅडमला त्रास होतोय.”

“बसा साहेब, बसा. दोन मिनटात पोचवतो. खड्ड्यांतून हळू नेतो, काय?”

“हळू नको,” मी म्हणाले. “जोरात घे.”

“ताई, तुम्हालाच धक्के बसतील.”

“बसू देत. घे.”

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर आणि एक सिस्टर होत्या. मला आडवं केलं, हातापायांना क्लिपा लावल्या, छातीवर ते रबरी गोळे. मी डॉक्टरला खुणेने जवळ बोलावून हळूच म्हटलं, “माझं झालं की ह्यांचाही काढा. जबडा दुखतोय दोन दिवस.” तो म्हणाला, “मॅडम, आधी तुमचं बघू द्या. बोलू नका.” कागद सरकत बाहेर आला. त्याने बघितला. “मॅडम, तुमचा ईसीजी एकदम छान आहे. मसालेदार काही खाल्लं होतं का?”

पलंगाच्या पायथ्याशी लोखंडी स्टूल होतं, त्यावर हे बसले होते. डॉक्टरचं बोलणं ऐकून सुटकेने हसले. हसता हसता मागे भिंतीला टेकले. कपाळावर घाम आला, असा की कुणी पाणी मारलंय. डोळे उघडे, पण माझ्याकडे नाहीत.

“अहो... अहो, इकडे बघा. अहो!”

तोच आवाज निघाला माझा. तसाच्या तसा. मी क्लिपांसकट उडी मारली, मशीन पलंगावरून खाली ओढलं गेलं. सिस्टर आधी मला धरायला धावल्या. “मला काही झालेलं नाही!” मी ओरडले. “ह्यांना बघा!” पुढचं सगळं मी कोपऱ्यात उभं राहून बघितलं. माझ्या अंगावरचे गोळे काढून त्यांच्या छातीवर लावले. सुई, ऑक्सिजन, डॉक्टरने दोन्ही हातांनी छाती दाबली, एकदा नाही, बऱ्याच वेळा. एका क्षणी सिस्टरने माझ्याकडे बघून नजर फिरवली. मग मशीनमधून पुन्हा रेघा यायला लागल्या.

पहाटे ॲम्ब्युलन्सने कल्याणला मोठ्या हॉस्पिटलात हलवलं, तिथे दुसऱ्या दिवशी फुगा घालून रक्तवाहिनी मोकळी केली. त्या तरुण डॉक्टरने मला बाहेर घेऊन सांगितलं, “मॅडम, हे घरी झालं असतं तर तुम्ही पोचला नसता. तुमचा गॅस देवासारखा धावून आला.” मी म्हटलं, “आमच्याकडे देव नसतात. पण तुमचे आभार.”

आता रीडिंगकडे परत येते.

मीरचंदानी आंटी हॉस्पिटलात बघायला आल्या तेव्हा रडायलाच लागल्या. “उस रात हम थे ही नहीं, शोभा. अंकल के भतीजे की सगाई थी, कॅम्प एक में. रात को वहीं रुक गए. तू बेल बजाती रहती और...” त्या बाहेर गेल्याचं मला माहीत नव्हतं. मी शनिवारी हाफ डे करून दुपारीच घरी आले होते, आणि ते संध्याकाळी निघाले तेव्हा मी न्हाणीत होते.

पोकरच्या साइटवर प्रत्येक डावाची नोंद राहते. मुलगा पुण्याहून आल्यावर त्याला ती काढायला लावली. सत्ती-अठ्ठीचा डाव, आपल्या वेळेने दोन त्रेचाळीस. माझ्या पॅडवरचा कागद दोन एकतीस. मुलगा म्हणाला, “आई, तू वेळ नंतर लिहिली असशील. किंवा चुकीची बघितली असशील.” मी म्हटलं, “आणि समजा मी ‘क्रॉस कनेक्शन’ नंतर लिहिलं, तर मीच बोललेल्या वाक्याला क्रॉस कनेक्शन का लिहीन?” त्यावर त्याने बराच वेळ कॉम्प्युटर उघडून आतलं सगळं तपासलं. स्पीकर उलटसुलट केले. शेवटी म्हणाला, “तुला डुलकी लागली असेल.” असेल. डुलकीत मी पोकर खेळले, हरले, आणि वेळ टिपून ठेवली.

त्या रेडिओवाल्यालाही ईमेल केलं, इंग्रजीत, नीट, की अमुक वेळेला तुमच्या स्टेशनवर काय लागलं होतं. लगेच उत्तर आलं. ‘तुमची फर्माइश मिळाली. गाणं लवकरच ऐकवू.’ आपोआप जाणारं उत्तर. पुन्हा पाठवलं. पुन्हा तेच.

म्हणजे स्पष्टीकरण नाही. माझ्याकडे नाही, आणि ज्या दोन-चार जणांना सांगितलं त्यांच्याकडेही नाही. कृपया मला कुठल्या बुवा-बाबांचे पत्ते पाठवू नका. ‘जुळलं नाही’ असं लिहून मी हे कधीच बाजूला ठेवलं असतं. पण त्या रात्री स्पीकरमधून जे जे ऐकलं त्यातलं एक अजून झालेलं नाही. बेल आम्ही टाळली, ती टाळली म्हणून झाली नाही, ते मला समजतं. पण हे हॉस्पिटलात स्टुलावरून काहीच बोलले नाहीत. ‘पंखा बंद कर, थंडी वाजतेय’ हे वाक्य ते अजून बोललेले नाहीत.

मी ह्यांना यातलं काही सांगितलेलं नाही. माणूस सावधपणे बोलायला लागला तर जगेल कसा? त्यांच्या लेखी माझा गॅस आणि त्यांचा अटॅक एकाच रात्री आले. लग्नात-समारंभात ते हे रंगवून सांगतात. “बायकोला पोचवायला गेलो आणि मीच ॲडमिट झालो!” लोक हसतात. मीही हसते. ते घरी यायच्या आधीच मी बेडरूमचा पंखा काढून टाकला आणि एसी बसवला. मग हॉलचाही काढला. त्यांना वाटलं डॉक्टरांनी सांगितलंय. लाइट गेली की आम्ही पुठ्ठ्याने वारा घेतो. मीरचंदानी आंटी म्हणतात, “शोभा, तू तो सेठानी हो गई, पर पंखे ने क्या बिगाड़ा था?”

पण बाहेर प्रत्येक ठिकाणी पंखा असतोच.

या मे महिन्यात आम्ही बदलापूरला माझ्या धाकट्या बहिणीकडे, सुनंदाकडे, जेवायला गेलो होतो. दुपारची वेळ, जेवण जड झालेलं, हे हॉलमध्ये सतरंजीवर आडवे झाले. वर पंखा जोरात. मी नेहमीसारखी बटणांच्या पाटीजवळची खुर्ची पकडली. सुनंदा आत आंबे कापत होती. बाहेर रस्त्यावर डांबर वितळत होतं. हे पंधरा-वीस मिनिटं झोपले असतील. मग त्यांनी पाय पोटाशी घेतले. डोळे न उघडता हाताने उशाची चादर शोधली आणि अंगावर ओढली. ओठ उघडले.

मी बटण बंद केलं.

पंखा हळू होत थांबला. त्यांनी एक डोळा उघडला.

“अगं, मी अजून बोललो पण नाही. तुला कसं कळलं?”

“कळलं. बरं वाटतंय ना? जबडा, हात?”

“मस्त वाटतंय. जरा गार लागलं, एवढंच.”

“मग झोपा.”

आतून सुनंदा ओरडली, “ताई, लाइट गेली काय गं?” मी म्हटलं, “नाही, मी बंद केलाय.” ती दारात आली, चादर घेऊन झोपलेल्या भावोजींकडे बघितलं, घामाने भिजलेल्या माझ्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावून परत गेली.

हे परत झोपले. चहाची वेळ होईपर्यंत मी बटणावर हात ठेवून तिथेच बसले आणि त्यांचे श्वास मोजले. सगळे आले.